कागदाविना पुस्तकांचे दुकान

दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. मालाने भरलेली फडताळे, तागडी, गल्ला, जमाखर्चाची वही आणि गिऱ्हाइकास "या, काय देऊ?" असे विचारणारा दुकानदार. पुस्तकांच्या दुकानात तागडी नसते, एवढाच काय तो फरक. परंतु गेल्या काही वर्षांत पुस्तकांची अशीही दुकाने निघाली आहेत की, ज्यांत फडताळ नाही, गल्ला नाही आणि कागदाचा एक कपटाही नाही. या दुकानांत मिळणाऱ्या पुस्तकांस 'ई-पुस्तके' म्हणतात. ती संगणकावर, मोबाइलवर किंवा खास वाचनयंत्रावर वाचता येतात.

ई-पुस्तकाचा जन्म ४ जुलै १९७१ या दिवशी झाला, असे सामान्यतः मानतात. त्या दिवशी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा विद्यार्थी मायकेल हार्ट याने आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात स्वतः टंकित केला आणि इतरांस वाचावयास खुला करून दिला. पुढे त्यातूनच 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हे विनामूल्य ग्रंथालय उभे राहिले. हार्ट यांनी पुस्तके वाटली, विकली नाहीत. ती विकणारे दुकानदार त्यांच्यामागून आले.

हा माल मोठा चमत्कारिक आहे. वाण्याच्या दुकानातील साखरेचे पोते विक्रीबरोबर रिकामे होत जाते. ई-पुस्तकाचे तसे नाही. एकच प्रत हजार जणांस विकली तरी मूळ प्रत जशीच्या तशी शिल्लक राहते. तिला वखार लागत नाही, वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यात ती भिजतही नाही. तेव्हा असे दुकान काढणे म्हणजे अगदी सोपे काम, अशी कोणाचीही समजूत होणे स्वाभाविक आहे. वास्तविक, अडचण तेथूनच सुरू होते. ज्या वाटेने जाणे सर्वांस सोपे, त्या वाटेवर गर्दीही तितकीच असते. आणि त्या गर्दीत एखादा धिप्पाड मल्ल पुढे चालत असला, म्हणजे मागून येणाऱ्या लहानास वाट काढणे फार कठीण होते.

ई-पुस्तकांच्या बाजारात असा मल्ल १९ नोव्हेंबर २००७ रोजी उतरला. ॲमेझॉन या अमेरिकेतील बलाढ्य कंपनीने त्या दिवशी 'किंडल' नावाचे वाचनयंत्र विक्रीस काढले. त्याची किंमत ३९९ डॉलर होती. त्याबरोबरच खूप खपणारी नवी पुस्तके ती कंपनी ९ डॉलर ९९ सेंट या भावाने विकू लागली. यातील कित्येक पुस्तकांसाठी प्रकाशकास द्यावी लागणारी किंमत याहून अधिक होती. समजा, प्रकाशकास १३ डॉलर द्यावे लागत असतील, तर प्रत्येक प्रतीमागे ३ डॉलर १ सेंट एवढी खोट येई. ही खोट कंपनी जाणूनबुजून सोशीत होती. तिच्यापाशी इतर मालाच्या विक्रीचे द्रव्य होते, आणि एकदा वाचक आपल्या दुकानाशी बांधला गेला की तो सहसा दुसरीकडे जात नाही, हे ती ओळखून होती.

आता विचार करा. ज्याच्या गाठीस थोडेसे भांडवल आहे, अशा दुकानदाराने या मल्लाशी किमतीची झुंज घेतली, तर काय होईल? तो एका महिन्यात दिवाळे काढील. मग लहान माणसाने या बाजारात पाऊलच टाकू नये काय? या प्रश्नाचे उत्तर एका खऱ्या दुकानाच्या इतिहासात आढळते. त्या दुकानाचे नाव 'स्मॅशवर्ड्स' आणि ते काढणाऱ्या गृहस्थांचे नाव मार्क कोकर.

कोकर हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात राहणारे. नव्या उद्योगांची लोकांस ओळख करून देणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. त्यांनी व त्यांच्या पत्नीने मिळून एक कादंबरी लिहिली. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या जगाविषयी ती होती. एका साहित्यिक मध्यस्थाने ती प्रकाशकांस दाखविली. परंतु दोन वर्षे खटपट करूनही कोणी ती छापावयास घेतली नाही. अशा विषयावरील पूर्वीच्या कादंबऱ्या खपल्या नव्हत्या, हे त्याचे कारण.

अशा नकाराने पुष्कळ माणसे खचून जातात, किंवा जगास दोष देत बसतात. कोकर यांच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. छापील पुस्तकास कागद लागतो, छपाई लागते, दुकानातील जागा अडते. म्हणून प्रकाशकास पुस्तक निवडताना हात आखडता घ्यावा लागतो. परंतु जेथे कागद नाही आणि जागा अमर्याद आहे, तेथे लेखकास दारातूनच परत का पाठवावे? पुस्तक चांगले की वाईट, हे वाचकानेच का ठरवू नये? आपल्यासारखे असे किती लेखक असतील की, ज्यांची हस्तलिखिते पेटीतच पडून आहेत! या विचारातून त्यांनी २००८ साली स्मॅशवर्ड्स हे दुकान उघडले.

हे दुकान उघडताना कोकर यांनी काही नियम ठरविले. ते नीट समजून घेतले, म्हणजे लहान दुकानदाराचे बळ कशात असते हे ध्यानात येईल.

पहिला नियम लेखकाविषयी होता. कोणाही लेखकाने आपले पुस्तक आणावे, त्याची किंमत त्यानेच ठरवावी. वाटल्यास ते फुकटही द्यावे. या दुकानातून झालेल्या विक्रीत, पैशाच्या देवघेवीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेपैकी ८५ टक्क्यांपर्यंत वाटा लेखकाचा. त्या वेळी ॲमेझॉन अशा स्वतंत्र लेखकांस किमतीच्या ३५ टक्केच देत असे. किमतीत मल्लाशी टक्कर देणे शक्य नव्हते. परंतु लेखकास न्याय्य वाटा देणे शक्य होते.

दुसरा नियम वाचकाविषयी होता. विकत घेण्यापूर्वी पुस्तकाचा काही भाग वाचकास विनामूल्य वाचता यावा. आपल्याकडे आंबेवाला आधी एक फोड हातावर ठेवतो, तसाच हा प्रकार. फोड गोड लागली तर पेटी घ्या, न लागली तर पुढे जा.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. विकलेल्या पुस्तकास कुलूप घालावयाचे नाही. या कुलपाविषयी पुढे सविस्तर सांगावयाचे आहे. म्हणून तूर्त एवढेच लक्षात ठेवू या.

नियम उत्तम होते, तरी गिऱ्हाइके धावत आली नाहीत. दुकान उघडल्याच्या पहिल्या वर्षाअखेर त्यात अवघी १४० पुस्तके होती. एवढ्याशा मालावर दुकानदाराचा चरितार्थ चालणे शक्य नव्हते. बाजारात नव्या दुकानाची जी परीक्षा होते, ती याच काळात होते. पाटी लावताना उत्साह असतोच. पाटी लावल्यानंतर महिनेच्या महिने गिऱ्हाइकाची वाट पाहताना जो टिकून राहतो, तो खरा धंदेवाईक.

कोकर हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांच्या ध्यानात आले की, लेखकांस पुस्तक लिहिता येते, पण ते ई-पुस्तकाच्या रूपात मांडता येत नाही. कोणाचे परिच्छेद विस्कळीत, कोणाची अनुक्रमणिका चुकलेली, कोणाचे मुखपृष्ठ ओबडधोबड. शिवाय वेगवेगळ्या वाचनयंत्रांस वेगवेगळ्या प्रकारची प्रत लागे. म्हणून दुकानाने एक संगणकीय साधन तयार केले. लेखकाने साधी टंकित प्रत दिली की, हे साधन तिच्यापासून अनेक प्रकारच्या प्रती काढून देई. या साधनास त्यांनी गमतीने 'मीटग्राइंडर' म्हणजे खिमा करण्याचे यंत्र असे नाव दिले होते! त्याच्या जोडीला प्रत कशी नीटनेटकी करावी, हे शिकविणारी एक पुस्तिका कोकर यांनी स्वतः लिहिली आणि ती सर्वांस फुकट दिली.

या पुस्तिकेपासून दुकानास थेट पैसा मिळाला नाही. मग ती लिहिण्याचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. ती वाचून लेखकांची पुस्तके सुधारली, सुधारलेल्या पुस्तकांस वाचक मिळाले आणि वाचक मिळाले म्हणून दुकान चालले. शेतकरी बियाणे मातीत टाकतो, तेव्हा पाहणाऱ्यास ते फेकल्यासारखेच दिसते.

पुढचे पाऊल याहून धोरणाचे होते. एकट्या लहान दुकानात वाचक किती येणार? २००९ च्या सुमारास बार्न्स अँड नोबल, सोनी, कोबो अशी ई-पुस्तकांची मोठी दुकाने बाजारात होती. त्यांना पुस्तके हवी होती; पण हजारो अनोळखी लेखकांशी एकेकट्याने व्यवहार करणे त्यांस अडचणीचे होते. कोकर यांनी त्यांस सुचविले की, सर्व लेखकांचा माल आम्ही एकत्र आणून, तपासून, तुमच्या रीतीप्रमाणे मांडून देतो; तुम्ही तो विका. अशा रीतीने स्मॅशवर्ड्स हे किरकोळ दुकान होतेच, ते आता घाऊक अडत्याचेही काम करू लागले. एप्रिल २०१० मध्ये ॲपल कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान उघडले, तेव्हा पहिल्या दिवसापासून स्मॅशवर्ड्सच्या लेखकांची पुस्तके त्यात होती.

या व्यवहारातील वाटणी कशी होती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका पुस्तकाची किंमत ४ डॉलर, म्हणजे ४०० सेंट आहे आणि ते मोठ्या दुकानातून विकले गेले. त्यातील ६० टक्के, म्हणजे २४० सेंट लेखकास. ३० टक्के, म्हणजे १२० सेंट मोठ्या दुकानास. आणि उरलेले १० टक्के, म्हणजे ४० सेंट स्मॅशवर्ड्सला. आता दुकानाचा महिन्याचा खर्च ४,००० डॉलर धरला, तर तो नुसता भरून निघण्यासाठी अशा किती प्रती खपाव्या लागतील? १०,००० प्रती! एका प्रतीवरील नफा इतका थोडा असल्यामुळे पुष्कळ पुस्तके जवळ असणे आणि प्रत्येकीची थोडी थोडी विक्री होणे, यावरच असा धंदा तगतो. पै-पैचा हिशेब ठेवणे हा येथे कंजूसपणा होत नाही. तो धंद्याचा प्राण होय.

हळूहळू श्रमाचे फळ दिसू लागले. २००८ अखेर जेथे १४० पुस्तके होती, तेथे २००९ अखेर ती सुमारे ६,००० झाली, २०१० अखेर २८,८०० आणि २०११ अखेर ९२,००० पर्यंत गेली. २०१० साली दुकान नफ्यात आले. दोन वर्षे जी वाट पाहिली, ती फुकट गेली नाही.

परंतु बाजार कधी स्वस्थ बसत नाही. एकाने चांगली रीत सुरू केली की, दुसरा ती उचलतो. २०१० च्या मध्यास ॲमेझॉननेही, काही अटींवर, लेखकांचा वाटा ३५ टक्क्यांवरून ७० टक्के केला. लेखकांच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट होती. स्पर्धेचा हा एक चांगला गुण म्हटला पाहिजे. मात्र डिसेंबर २०११ मध्ये त्याच कंपनीने एक नवी योजना काढली. जो लेखक आपले ई-पुस्तक किमान ९० दिवस फक्त आमच्याच दुकानात ठेवील, त्यास काही खास सवलती मिळतील, अशी ती योजना होती. अनेक लेखकांस तिचा मोह पडणे साहजिक होते. त्यांनी आपली पुस्तके इतर दुकानांतून काढून घेतली. कोकर यांनी या योजनेवर उघडपणे टीका केली. आपले सर्व पुस्तक एकाच दुकानात ठेवणारा लेखक त्या दुकानाच्या मर्जीवर अवलंबून राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. सगळी बी एकाच वाफ्यात पेरू नये, हे शेतकऱ्याचे शहाणपण लेखकासही लागू पडते.

आता त्या कुलपाकडे वळू. छापील पुस्तक आपण विकत घेतले की ते आपले होते. आपण ते धाकट्या बहिणीस देतो, मित्रास वाचावयास देतो, दहा वर्षांनी पुन्हा कपाटातून काढतो. दुकानदार आपल्या घरी येऊन ते परत नेऊ शकत नाही. ई-पुस्तकाची गोष्ट निराळी. बहुतेक दुकाने त्यास एक अदृश्य कुलूप घालून देतात. पुस्तकाच्या अनधिकृत प्रती कोणी काढू नयेत, हा त्यामागील हेतू असतो आणि तो काही वाईट नव्हे. परंतु त्या कुलपाची किल्ली वाचकाच्या हाती नसून दुकानदाराच्या हाती असते. वाचकास मिळते ती केवळ वाचण्याची परवानगी. याचा परिणाम काय होतो, हे दोन घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली घटना जुलै २००९ मधील. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' ही दोन पुस्तके एका विक्रेत्याने ॲमेझॉनच्या दुकानात ठेवली होती. अमेरिकेत ती विकण्याचा अधिकार त्या विक्रेत्यास नव्हता. हे ध्यानात येताच कंपनीने ती पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून दूर बसल्या बसल्या पुसून टाकली आणि पैसे परत केले. एका शाळकरी विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. पुस्तकच नाहीसे झाल्यामुळे ती टिपणे निरुपयोगी झाली. पुढे कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

दुसरी घटना २०१९ मधील. मायक्रोसॉफ्ट या जगप्रसिद्ध कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद करण्याचे ठरविले. दुकान बंद झाले, एवढेच नव्हे, तर वाचकांनी तेथून विकत घेतलेली पुस्तकेही त्या वर्षीच्या जुलै महिन्यात उघडेनाशी झाली. कंपनीने सर्वांस पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकात खुणा व टिपणे केली होती, त्यांना २५ डॉलर अधिक दिले. तिने कोणास बुडविले नाही, हे खरे. तरीपण आवडते पुस्तक हातातून गेले, ते पैशाने कसे भरून येणार? आजोबांनी वाढदिवसास दिलेले पुस्तक कोणी उचलून नेले आणि त्याची किंमत तुमच्या हातावर ठेवली, तर तुमचे समाधान होईल काय?

म्हणूनच स्मॅशवर्ड्सचा तिसरा नियम इतका मोलाचा होता. तेथील पुस्तकास कुलूप नसे. वाचकाने ते आपल्या संगणकात उतरवून घेतले की, दुकान राहो अथवा न राहो, पुस्तक त्याचेच. कोकर यांच्याही पूर्वी, १९९९ पासून, अमेरिकेतील बेन बुक्स ही प्रकाशनसंस्था आपली ई-पुस्तके अशीच कुलपाविना विकत आली होती. यात धोका नव्हता असे नाही. अप्रामाणिक मनुष्य अशा पुस्तकाच्या प्रती काढून वाटू शकतो. परंतु बहुसंख्य वाचक प्रामाणिक असतात, आणि थोड्या चोरांच्या भयाने सर्व गिऱ्हाइकांस चोर समजणे हा त्यांचा अपमान होय, अशी या दुकानदारांची श्रद्धा होती. गिऱ्हाइकावर आधी विश्वास टाकणे, हेच त्यांच्या दुकानाचे भांडवल होते.

स्मॅशवर्ड्सने त्या मल्लास चीत केले काय? नाही. ॲमेझॉन हे ई-पुस्तकांचे सर्वांत मोठे दुकान होते, ते तसेच राहिले. २०२२ साली स्मॅशवर्ड्स हे दुकान ओक्लाहोमा शहरातील 'ड्राफ्ट-टु-डिजिटल' या समव्यवसायी संस्थेत विलीन झाले. कोकरही त्या संस्थेत दाखल झाले आणि दुकान जुन्याच नावाने पुढे चालू राहिले. तेव्हा ही विजयाची गोष्ट आहे की पराजयाची? ज्याने स्वतः उभे केलेले दुकान चौदा वर्षे चालविले, ज्यांस कोणी दारात उभे करीत नव्हते अशा हजारो लेखकांस वाचक मिळवून दिले, आणि विकलेले पुस्तक वाचकाच्या हातून कधी काढून घेतले नाही, त्यास पराभूत कोण म्हणेल? बाजारात सर्वांत मोठे होणे हे एकच यश नसते. आपल्या जागी उभे राहून दिलेला शब्द पाळणे हेही यशच आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणास मोठेपणी मराठी ई-पुस्तकांचे दुकान काढावेसे वाटले, तर या इतिहासापासून काय घ्यावे? आपल्याकडेही हा धंदा नवा राहिलेला नाही. पुण्याच्या 'बुकगंगा'सारख्या दुकानांतून मराठी ई-पुस्तके विकली जातात आणि परदेशी राहणारा मराठी वाचक ती क्षणात मिळवू शकतो. तरीही नव्या माणसास करण्याजोगे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट अधिकाराची. जे पुस्तक विकावयाचे, ते विकण्याचा हक्क आपणास आहे काय, हे आधी पाहावे. आपल्या देशात १९५७ च्या कायद्यान्वये लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुली झाली. ऑर्वेल यांचाही मृत्यू १९५० मध्येच झाला. पण अमेरिकेचा कायदा निराळा असल्यामुळे तेथे 'नाइन्टीन एटी-फोर' या पुस्तकावरील हक्क अजून संपलेला नाही. हयात लेखकाची तर लेखी संमती घेतल्यावाचून एक ओळही विकू नये.

दुसरी गोष्ट निगेची. जुन्या मराठी पुस्तकांची पाने नुसती छायाचित्रासारखी टिपून ठेवली, तर ती मोबाइलच्या लहान पडद्यावर धड वाचता येत नाहीत. ती देवनागरीत नव्याने टंकित करावी लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी बारकाईने तपासावी लागते. मोठ्या दुकानास लाखो पुस्तकांपुढे एवढी सवड नसते. लहान दुकानदारास ती काढता येते. ज्याच्या दुकानात शुद्ध पुस्तक मिळते, त्याचे दार वाचक पुन्हा शोधीत येतो.

तिसरी गोष्ट निवडीची. सर्वांस सर्व काही विकू पाहणारा लहान दुकानदार कोणाच्याच लक्षात राहत नाही. कोणी केवळ मुलांची पुस्तके ठेवावी, कोणी प्रवासवर्णने, कोणी शेतीवरील पुस्तके. त्या विषयात आपले ज्ञान इतके वाढवावे की, वाचकाने विचारताच "हे घ्या, हे तुम्हांस आवडेल" असे खात्रीने सांगता यावे.

आणि शेवटची गोष्ट सचोटीची. लेखकाचा वाटा ठरल्या दिवशी चुकता करावा, आणि वाचकास दिलेले पुस्तक त्याचेच राहील अशी व्यवस्था करावी. या दुकानात तागडी नसते हे खरे. परंतु लेखक आणि वाचक दोघेही दुकानदारास मनातल्या मनात रोज तोलीत असतात. त्या तोलात जो उतरतो, त्याचे दुकान लहान असले तरी चालते.

अभ्यास

१. ई-पुस्तकांच्या धंद्यात स्पर्धा अधिक का असते?
२. ९ डॉलर ९९ सेंट या भावाने पुस्तके विकणे ॲमेझॉनला कसे परवडले? लहान दुकानदारास ते का परवडले नसते?
३. कोकर यांनी ठरविलेले तीन नियम कोणते? त्यांपैकी तुम्हांस कोणता अधिक महत्त्वाचा वाटतो? का?
४. एका ई-पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे. पाठात सांगितलेल्या ६०, ३० व १० टक्क्यांच्या वाटणीप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्यास किती रुपये येतील?
५. "गिऱ्हाइकावर आधी विश्वास टाकणे, हेच त्यांच्या दुकानाचे भांडवल होते." या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हात आखडता घेणे, दिवाळे काढणे, खोट येणे, चुकता करणे.
७. तुमच्या गावातील एखाद्या लहान दुकानदारास भेटा. मोठ्या दुकानांशी स्पर्धा असताना तो आपले गिऱ्हाईक कसे टिकवितो, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.